चार्जरची तुटलेली वायर घरी जोडता येईल का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर लोखंडी कपाटाच्या दारात सापडली आणि पिनेपासून साधारण वीतभर अंतरावर चेपली गेली. बाहेरचे काळे आवरण फाटले असून आत बारीक तारांची जाळी आणि त्या जाळीच्या आत पांढऱ्या आवरणाची दुसरी वायर दिसते. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होते. दुकानदार म्हणाले, "जोडत बसू नका, नवा घ्या," आणि त्यांनी एक स्वस्त चार्जर दाखवला. भाऊ म्हणतो, पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळली की झाले. मी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न विकत आणले आहे, पण आजवर ते कधी हातात धरलेले नाही. हे काम मला जमेल का? शॉक बसण्याची किंवा लॅपटॉप बिघडण्याची भीती कितपत खरी आहे?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : हे काम तुम्हाला जमण्यासारखे आहे, आणि त्याचे मुख्य कारण वायर नेमकी कुठे तुटली यात आहे. चार्जरच्या काळ्या डबीला, म्हणजे अ‍ॅडाप्टरला, दोन बाजू असतात. भिंतीतल्या सॉकेटपासून डबीपर्यंत येणाऱ्या वायरीत घरातली २३० व्होल्टची वीज असते. डबीतून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीत मात्र बहुतेक चार्जरमध्ये १९ ते २० व्होल्टच्या आसपास एकदिश (डीसी) दाब असतो, आणि तो घरातल्या विजेपासून डबीच्या आतच विलग केलेला असतो. तुमची वायर या दुसऱ्या बाजूला तुटली आहे. इतक्या दाबाने कोरड्या हाताला झटका बसत नाही, आणि आपण तर चार्जर भिंतीतून पूर्ण काढूनच काम करणार आहोत. हीच वायर पहिल्या बाजूला तुटली असती, तर मी तुम्हाला सोल्डरिंगचा एक शब्दही सांगितला नसता, कारण तिथे जोड द्यायचाच नसतो. ती तीन पिनांची वायर डबीपासून सुटी होते, बाजारात तशीच मिळते आणि ती पूर्ण बदलणे हाच तिचा उपाय आहे.

एक गोष्ट आजपासूनच थांबवा. वायर विशिष्ट कोनात धरून चार्जिंग करणे धोक्याचे आहे. तुमच्या चार्जरच्या लेबलवर ६५ वॅट, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे काहीसे छापलेले असेल. तुटलेल्या जागी उरलेल्या चार-दोन तारांमुळे अर्धा ओहम जरी रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, निर्माण झाला, तरी ३.३४ अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर सुमारे साडेपाच वॅट उष्णता तयार होते. तुमचे आयर्न २५ वॅटचे आहे, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक उष्णता वायरीच्या एका टिचभर जागेत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली आणि कदाचित अंथरुणावर कोंडली जाते. भावाने सुचवलेल्या उपायात हाच दोष आहे. पिळाची पकड वायर हलत राहिल्याने सैल होते, तांब्यावर काळपट थर चढतो, रोध वाढतो आणि चिकटपट्टीचा डिंक उष्णतेने पातळ होऊन पट्टी सरकते. शिवाय तुमच्या वायरीत धन आणि ऋण वाहक एकमेकांच्या आत आहेत, त्यामुळे पट्टी सरकली की दोन्ही एकमेकांना टेकायला वेळ लागत नाही.

दुकानदारांच्या सल्ल्याशीही मी सहमत नाही. डबी शाबूत असेल, तर वीतभर वायरीसाठी ती टाकून देऊन अनोळखी बनावटीचा स्वस्त चार्जर घेणे हा वाईट सौदा आहे. चार्जरमध्ये खरे मोल डबीच्या आतल्या मांडणीला असते, म्हणजे २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताला लागणारी बाजू यांच्यात राखलेले अंतर, त्यांना विलग करणारा ट्रान्सफॉर्मर आणि जास्त प्रवाह ओढला गेला तर पुरवठा बंद करणारी यंत्रणा. निकृष्ट नकली चार्जरमध्ये काटकसर नेमकी इथेच केली जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. पुढेमागे नवा घ्यावाच लागला, तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हे पाहा. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तपासता येतो.

आता साहित्य. २५ वॅटचे आयर्न या कामाला पुरेसे आहे. त्याबरोबर ६०/४० ची, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली, साधारण १ मिलिमीटर जाडीची सोल्डर वायर, म्हणजे वितळवून जोड द्यायची मऊ धातूची तार, घ्या. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांपेक्षा जास्त तापमान लागते आणि ते इतक्या सहज पसरत नाही, म्हणून पहिल्या कामासाठी मी ते सुचवत नाही. चांगल्या सोल्डर वायरीच्या पोटात राळेचा फ्लक्स, म्हणजे तांबे स्वच्छ करून सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ, असतोच, पण वेगळी छोटी डबीही घ्या. ती राळेचीच असावी, कारण पत्र्याच्या किंवा नळाच्या कामासाठी मिळणारा आम्लयुक्त फ्लक्स तांब्याच्या बारीक तारा मागाहून खात राहतो. याशिवाय आयर्नचा स्टँड, ओला स्पंज, धारदार ब्लेड, दोन जाडीच्या हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या (एक आतल्या वायरीवर बसेल अशी आणि एक संपूर्ण वायरीवर सहज सरकेल अशी) आणि दाब आणि जोड तपासणारा साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सारे एका फेरीत मिळते, पण तुमच्या गावातही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ते मिळायला हरकत नाही. मल्टिमीटर टाळू नका. सोल्डरिंगमध्ये नवशिक्याकडून होणारी चूक डोळ्यांना अनेकदा दिसत नाही, मीटरला मात्र दिसते.

चार्जरला हात लावण्याआधी एखाद्या टाकाऊ वायरीवर सराव करा. आयर्न तापल्यावर सर्वप्रथम त्याच्या टोकाला थोडे सोल्डर लावून ओल्या स्पंजावर पुसा. टोक चांदीसारखे चकचकीत दिसले पाहिजे. काळ्या पडलेल्या टोकातून उष्णता पुढे जात नाही आणि मग नवशिका माणूस आयर्न दाबत बसतो, ज्याने आवरण जळते पण जोड होत नाही. यानंतरचा नियम एकच आहे आणि बाकी सारे कौशल्य त्याच्यातून निघते : आयर्नने तांबे तापवायचे आणि सोल्डर तांब्याने वितळवायचे. टोक जोडाच्या खालच्या बाजूला टेकवा, एक-दोन सेकंद थांबा आणि सोल्डर वायर आयर्नला न लावता जोडाच्या वरच्या बाजूला लावा. तांबे पुरेसे तापले असेल, तर कोरडी जमीन पाणी शोषते तसे सोल्डर तारांच्या फटींमधून आत ओढले जाते. आधी सोल्डर वायर बाजूला घ्या, मग आयर्न, आणि त्यानंतर जोड घट्ट होईपर्यंत काही सेकंद अजिबात हलवू नका. चांगल्या जोडात सोल्डरच्या पातळ थराखाली तारांचा पीळ ओळखू येतो आणि पृष्ठभाग चकाकतो. सोल्डर गोळा होऊन वर बसले असेल, तर तांबे तापले नव्हते असे समजावे, आणि पृष्ठभाग दाणेदार व निस्तेज झाला असेल, तर थंड होताना जोड हलला असे समजावे. असे दोन्ही सदोष जोड तपासायला सोपे आहेत : ओढून पाहिले की ते बहुधा सुटतात. सलग पाच-सहा जोड असे न सुटणारे होईपर्यंत चार्जर बाजूलाच राहू द्या.

काम खिडकीजवळ करा. निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो, या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तरीही राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे तोंड थेट जोडावर आणू नका. शिसे पोटात जाते ते हातांवाटे, म्हणून काम चालू असताना काही खाऊ नका, सोल्डर वायर दातांत धरू नका आणि शेवटी हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल, तर ते झोपल्यावर बसा. चटका बसलाच, तर ती जागा वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका.

आता प्रत्यक्ष वायर. चार्जर भिंतीतून आणि लॅपटॉपमधून काढा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवा. चेपलेला भाग दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापून टाका. थोडी लांबी कमी होईल, तिची चिंता करू नका. कापलेल्या तोंडाशी तांबे काळे पडलेले दिसले, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत आणखी मागे कापा, कारण काळ्या तारांवर सोल्डर बसत नाही. यानंतर मोठी स्लीव्ह एका बाजूच्या वायरीवर ओवून दूर सरकवून ठेवा. हे आत्ताच करायचे असते, कारण जोड झाल्यावर स्लीव्ह आत घालायला वाट उरत नाही, आणि ती जोडाच्या जवळ ठेवली तर आयर्नच्या उष्णतेने वेळेआधीच आवळते.

बाहेरचे काळे आवरण दोन्ही टोकांना सुमारे चार सेंटिमीटर सोला. ब्लेड गोल फिरवताना हलकेच दाबा, जाळीच्या तारा कापल्या गेल्या तर तितकी वाहून नेण्याची क्षमता कमी होते. जाळीच्या तारा बोटांनी मोकळ्या करून एका बाजूला घ्या आणि त्यांना पीळ देऊन त्यांची एक दोरी करा. आत पांढऱ्या आवरणाची वायर उरेल. सर्वसाधारणपणे आतली वायर धन आणि जाळी ऋण असते. लेबलवर मधे ठिपका असलेले वर्तुळाचे चिन्ह पाहिले की पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाला कोणते टोक आहे तेही कळते. तुम्हाला मात्र त्यावर विसंबायची गरज नाही, कारण एकाच वायरीचे दोन तुकडे जोडताना आतली आतलीला आणि जाळी जाळीला जोडली की धन-ऋण आपोआप योग्य राहतात. लॅपटॉप बिघडण्याची तुमची भीती खरी ठरते ती इथे अदलाबदल झाली तर, आणि तुमच्या वायरीची रचनाच अशी आहे की लक्ष दिल्यास ती होऊ शकत नाही.

इथे एक तिसरी वायर आहे का, हे नीट पाहा. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरमध्ये पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते आणि तिच्यासाठी वेगळ्या रंगाच्या आवरणाची एक नाजूक वायर आतून आलेली असते. तिच्यातून ताकद जात नाही. हा चार्जर किती वॅटचा आहे याची ओळख तिच्यावरून लॅपटॉपला पटते. ती जोडायची राहिली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, किंवा चार्जर ओळखता येत नाही असा संदेश पडद्यावर येतो. तिलाही स्वतंत्र जोड आणि स्वतंत्र स्लीव्ह द्या.

जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका. एका टोकाला आतली वायर लांब आणि जाळी आखूड ठेवा, दुसऱ्या टोकाला उलट, म्हणजे आतला जोड एका जागी येईल आणि जाळीचा त्याच्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे. पुढे कधी आवरण फाटले, तरी दोन उघडी तांबी समोरासमोर नसतील. आतल्या वायरीवर आधी छोटी स्लीव्ह ओवा, टोके सुमारे एक सेंटिमीटर सोला, समोरासमोर आणून एकमेकांभोवती घट्ट गुंडाळा. हे गुंडाळणे मन लावून करा. सोल्डर मऊ धातू आहे. वायरीला बसणारा ताण पिळाने झेलला पाहिजे, आणि सोल्डरने त्या पिळाला सैल होऊ न देता हवेपासून झाकावे, अशी कामाची वाटणी असते. नुसती दोन टोके टेकवून सोल्डरच्या थेंबाने चिकटवलेला जोड मेजावर उत्तम दिसतो आणि पिशवीत दोन दिवस फिरला की तुटतो.

सोल्डर करताना पांढरे आवरण वितळून मागे सरकू लागले, तर आयर्न फार वेळ टेकले आहे असे समजा. उघड्या तांब्याच्या मुळाशी एखादा धातूचा चिमटा अडकवला, तर तो उष्णता मधेच शोषून घेतो. जोड थंड झाल्यावर त्याचे एखादे टोक काट्यासारखे वर आले आहे का ते बोट फिरवून पाहा, कारण असा काटा स्लीव्ह भेदतो. तो असल्यास आयर्नने पुन्हा मऊ करून सपाट करा. मग छोटी स्लीव्ह जोडावर आणून आवळा. हेअर ड्रायरची उष्णता बहुधा कमी पडते. लायटरची ज्योत थोडी लांब धरून सतत फिरवत ठेवली, किंवा आयर्नचा दांडा जवळून फिरवला, तरी ती आवळते. यानंतर जाळीचा जोड त्याच रीतीने करा आणि सर्वांवर मोठी स्लीव्ह अशी आणा की ती दोन्हीकडच्या शाबूत काळ्या आवरणावर किमान दोन-दोन सेंटिमीटर जाईल. ही लांबी महत्त्वाची आहे. सोल्डर तारांच्या आत थोडे पुढे झिरपते, तेवढा भाग ताठर होतो, आणि ताठर भाग जिथे संपतो तिथे पुढचे वाकणे एकवटते. मोठी स्लीव्ह हे वाकणे पसरवते. तशी स्लीव्ह दुहेरी घातली तर आणखी चांगले.

चार्जर भिंतीत लावण्याआधी मल्टिमीटर बझरवर, म्हणजे दोन टोकांत जोड असल्यास आवाज करणाऱ्या खुणेवर, ठेवून एक टोक पिनेच्या आतल्या भागाला आणि दुसरे बाहेरच्या भागाला लावा. क्षणभर आवाज येऊन थांबला तर तो डबीतल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा, परिणाम आहे, त्यात काळजीचे काही नाही. आवाज सलग येत राहिला, तर मात्र दोन्ही वाहक कुठेतरी टेकले आहेत आणि जोड उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. ही चाचणी नीट झाली, की लॅपटॉप न जोडता चार्जर भिंतीत लावा आणि पिनेवरचा एकदिश दाब मोजा. साध्या मीटरवर २० व्होल्टची पट्टी या मोजमापाला अपुरी पडू शकते, म्हणून २०० व्होल्टची निवडा. लाल टोक धन बाजूला आणि काळे ऋण बाजूला लावल्यावर लेबलवर छापलेल्या आकड्याच्या जवळचा आकडा, वजा चिन्हाशिवाय, दिसला पाहिजे. सुईची पिन असेल, तर मीटरचे टोक घसरून सुई आणि बाहेरचा भाग एकत्र टेकणार नाहीत याची काळजी घ्या. आता जोडाजवळ वायर हलवत आकडा पाहा. तो स्थिर राहिला, तरच लॅपटॉप जोडा.

पहिला अर्धा तास बॅटरी बरीच उतरलेली असताना चार्ज करा, म्हणजे प्रवाह पूर्ण जाईल, आणि मधूनमधून जोडाला हात लावून पाहा. उरलेल्या वायरीपेक्षा तो गरम लागता कामा नये. डबी कोमट होणे स्वाभाविक आहे, जोड कोमट होणे नाही. तसे झाले, तर चार्जर लगेच काढा, जोड कापून टाका आणि नव्याने करा. अर्धवट जोडावर वरून आणखी सोल्डर चढवून तो सुधारत नाही.

ज्या वाचकांची वायर पिनेच्या रबरी मानेत तुटली आहे, त्यांना तिथे जोड देता येणार नाही, कारण पीळ घालायला दुसरे टोकच हाताशी उरत नाही. त्यांनी पिनेसह मिळणारी तयार वायर, तीच पिन आणि तेवढाच प्रवाह पेलणारी जाडी पाहून घ्यावी आणि डबीपासून वीतभर अंतरावर वरच्याच पद्धतीने जोडावी. डबीच्या मानेशी तुटली असेल, तर डबी उघडावी लागते आणि ते घरी करू नये. आत २३० व्होल्टचे एकदिश रूपांतर होऊन सुमारे ३२५ व्होल्ट एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेले असतात, आणि ते भिंतीतून प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहू शकतात. टाइप-सी चार्जरची वायर सुटी होत असेल, तर ती जोडत बसण्यापेक्षा योग्य वॅटची नवी वायर घ्यावी. तिच्यात ताकदीच्या तारांखेरीज चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात बोलणी करणाऱ्या बारीक तारा असतात आणि त्या हाताने जोडणे पहिल्या कामाला शोभणारे नाही.

तुमच्या जोडाला दोन प्रयत्नांत यश आले नाही, तर कापत कापत वायर आखूड करू नका. मल्टिमीटरच्या टोकांनी डबीकडच्या कापलेल्या तोंडावर दाब मोजा (या वेळी दोन्ही उघडी तांबी एकमेकांपासून दूर आणि बांधलेली असू द्या) आणि तो आकडा लेबलशी जुळत असेल, तर चार्जर दुरुस्तीच्या दुकानात नेऊन "डबी चालू आहे, १९.५ व्होल्ट येत आहेत, फक्त पिनेसह वायर बदलून द्या" असे नेमके सांगा.